पाणी आलेल्या दिवशी वाचनालय उशिरा उघडेल

दारावर खडूनं लिहिलेली ही ओळ
तपासणीला आलेल्या साहेबांनी दोनदा वाचली.
"बाई, हे नियमात बसत नाही."
म्हटलं, नळ तरी कुठं बसतो, साहेब.
पाचव्या दिवशी येतो, नाहीतर सहाव्या,
कधी पहाटे तीनला, कधी भर दुपारी,
आणि आला की अख्खी साखर पेठ
घागरी, पिंप, रंगाचे रिकामे डबे घेऊन ओट्यावर.
तेव्हा पेपर कोण उघडणार?
मीच नसते.

खोली महापालिकेची.
आधी इथं डासांच्या फवारणीचे पंप ठेवत.
वास अजून भिंतीत आहे, त्यामुळे कसर लागत नाही
असं आम्ही आपलं धरून चालतो.
अनुदान सरकारचं, दोन हप्त्यांत.
दुसरा हप्ता मार्चअखेर धापा टाकत येतो,
मग तीन दिवसांत पुस्तकं, पावत्या, शिक्के,
आणि माझा थकलेला पगार, थोडा.
वीजबिल पेठेचं:
किराणावाले मुलाणी पन्नास,
शिवणक्लासच्या यलगुलवार बाई तीस,
चहावाला कलप्पा वीस, तेही मागून मागून.

पत्रे नगरसेवकांनी दिले.
पत्र्यावर फलक,
फलकावर त्यांचं नाव वाचनालयाहून मोठं.
एप्रिलच्या वावटळीत फलक उडाला, पत्रे राहिले.
कुणी शोधायला गेलं नाही.

"बांधणीचा खर्च शून्य कसा?"
साहेबांचं बोट त्या रकान्यावर थांबलं.
मी कोपऱ्याकडे दाखवलं.
नरसय्या कोंड्याल,
चादरीच्या कारखान्यात त्रेचाळीस वर्षं.
कान तिथंच राहिले, खडखडाटात.
बीमवर उरलेलं सूत आणतात
आणि सुटलेली पानं शिवतात.
गाठ कुठं मारली ते बोटालासुद्धा सापडत नाही.
वाचतात तेलुगू; ती साठ पुस्तकं त्यांची केव्हाच संपली.
मराठी पुस्तक शिवून झालं की विचारतात,
"काय है ओ ह्यात?"
मग मला ओरडून सांगावं लागतं.
नायिकेचं गुपित मी इतक्या मोठ्यानं सांगते
की 'शांतता राखा'च्या पाटीखाली
भरतीचा अभ्यास करणारी पोरं कानात बोटं घालतात,
आणि दाराशी अंबूबाई सिरसिल्ला
मांडीवरच्या सुपात विडी वळता वळता थांबते.
पान तुटतं तिचं.
"मग? नांदायला गेली का नाही ती?"

"या सभासद आहेत?"
नाहीत, साहेब.
अनामत भरायला त्यांना
किती हजार विड्या वळाव्या लागतील
हा हिशेब मी अजून केलेला नाही.
तुमच्या नमुन्यात 'ऐकणारे' असा रकाना कुठं आहे?

ते काहीतरी बोलणार होते,
तेवढ्यात गल्लीतून हाक आली: पाणी!
पोरं उठली, अंबूबाई सुपासकट उठली,
नरसय्यांना कुणी सांगितलं नाही, तरी तेही उठले.
मी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर टाकला,
"आलेच साहेब," म्हणून पळाले.

तासाभरानं परतले, पदर ओला, हाताला घागरीचा वळ.
साहेब माझ्या खुर्चीत.
मुलाणींच्या धाकट्याकडून उशिराचे दोन रुपये घेतलेले,
पावतीसकट.
देवघेवीच्या वहीत तीन नोंदी,
माझ्यापेक्षा कितीतरी सुबक अक्षरात.
काही बोलले नाहीत. बॅग उचलली, पंप ठेवायच्या त्या
गंजक्या खुंट्यांकडे एकदा बघितलं.

महिन्यानं शेरा आला:
वाचनालयाची वेळ अनियमित. खुलासा करावा.

खुलासा लिहिते आहे.
दारावरची ओळ दर पाचव्या दिवशी पुसली जाते,
ओल्या हातांनी, जाता-येता.
ती पुन्हा लिहावी लागते आणि खडू संपत आलाय.
खडूसाठी लेखाशीर्ष नाही.